सकाळी सहाचा आकडा

ईशान आणि रेवा,

गेल्या रविवारी रेवाने विचारलं, "आजी, थाळीवाले आजोबा हल्ली मागून जात नाहीत. कुठे गेले?" मी म्हणाले, चोपड्याला गेलेत, त्यांच्या गावी. होळीच्या वेळी ईशानने विचारलं तेव्हाही मी हेच सांगितलं होतं. ते खरं नाही. नाना, म्हणजे तुमचे थाळीवाले आजोबा, फेब्रुवारीत वारले. चार महिने मी तुम्हाला खोटं सांगते आहे. पडद्यावर तुमचे चेहरे इतके छोटे दिसतात की त्यांना असलं काही सांगायला धीर होत नाही. लिहिताना मात्र चेहरे समोर नसतात, म्हणून आज लिहिते.

माझं शिक्षण इंग्रजीत झालं. तुम्हाला इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हालाही सोपं आणि मलाही. पण नाना मराठीत बोलायचे आणि मन हललं की अहिराणीत. इंग्रजीत लिहिलं तर ते दुसरेच कुणी होतील. हळू वाचा. अडलं तर बाबाला विचारा.

तुम्ही त्यांना फक्त मागून जाताना पाहिलंत. मी तुमच्याशी बोलत असायची आणि माझ्या खांद्यामागून एक उंच, वाकलेला म्हातारा हातात स्टीलची थाळी उभी धरून सावकाश जायचा, पुन्हा यायचा. तुम्ही दोघं हसून लोळायचात. तो वेडेपणा नव्हता, निदान सगळाच नव्हता. ते माझे घरमालक. तुमचे आजोबा गेल्यावर मी धुळ्याचं घर बंद करून जळगावला बहिणीजवळ आले, तेव्हापासून मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते. वर ते आणि वहिनी, म्हणजे त्यांची बायको. त्यांना मूल नव्हतं. नोकरी सगळी भुसावळला, रेल्वेच्या तारायंत्र आणि टेलिफोनच्या खात्यात. त्या खात्यातून माणूस निवृत्त झाला, पण खातं माणसातून निवृत्त झालं नाही.

मी राहायला आले त्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "बाई, इंटरनेटची वेगळी लाइन घेऊ नका. वर राउटर आहे, त्याच्यावरच बसा."

मी म्हणाले, "स्पीड चांगला आहे ना?"

"कोणता?"

"म्हणजे?"

"कोणता स्पीड? घरातला की बाहेरचा?"

हा प्रश्न त्यांनी गल्लीत प्रत्येकाला विचारला असेल. त्यांच्यासमोर 'नेट स्लो आहे' असं म्हणायची सोय नव्हती. ते लगेच कागद घ्यायचे. कागदाच्या एका टोकाला लॅपटॉप, मध्ये राउटर, दुसऱ्या टोकाला कंपनी. "हे दोन रस्ते आहेत. लॅपटॉप ते राउटर, हा घरातला रस्ता. राउटर ते कंपनी, हा बाहेरचा. लॅपटॉपमध्ये वायफायच्या नावावर जाऊन आत बघितलं की जो आकडा दिसतो, तो फक्त घरातल्या रस्त्याचा. लोक तो बघून कंपनीला शिव्या देतात. नाहीतर कंपनीचा आकडा बघतात आणि घरात मधे कपाट उभं आहे ते बघत नाहीत. आधी रस्ता कोणता ते सांगा, मग तक्रार करा."

तो घरातला आकडा कसा ठरतो, हे त्यांनी मला तीनदा समजावलं, आणि मी माझ्या वहीत लिहून घेतलं. मी ग्रंथपाल होते. कुणी नीट सांगत असेल तर माझा हात आपोआप वहीकडे जातो. वहीत असं आहे: लॅपटॉप आणि राउटर सारखे एकमेकांना विचारत असतात, ऐकू आलं का. स्पष्ट ऐकू आलं तर दोघं भराभर बोलतात. आलं नाही तर हळू बोलतात, तेच पुन्हा सांगतात. म्हणून आकडा खाली येतो. भिंतीने येतो, अंतर वाढलं की येतो, आणि सगळ्यात जास्त दोन गोष्टींनी येतो. त्या दोन गोष्टींच्या खाली त्यांनी माझ्या हातून रेघ मारून घेतली होती: पत्रा आणि पाणी.

थाळी त्यासाठी होती. कधी वर, कधी खाली माझ्या खोलीत, राउटर आणि लॅपटॉपच्या मधे थाळी धरून ते आकडा किती पडतो ते बघायचे आणि दाखवायचे. एकदा वहिनींचं पंगतीचं मोठं पातेलं राउटरवर पालथं घातलं आणि मला खालून बोलावलं. "बघा बाई. पावणेचारशेवरून एकोणचाळीस. पातेल्यात कोंडला त्याला." त्यांना अतिशय आनंद झाला होता. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "कोंडा त्याले. पन मना वरणले पातेलं कोनतं घेऊ?"

आणि पाणी म्हणजे माणूस. "माणूस म्हणजे उभं पाणी," असं ते म्हणायचे. पाहुणे आले की त्यांना बसायची जागा नाना ठरवायचे. माझी बहीण पहिल्यांदा वर गेली तेव्हा ती सोफ्यावर टेकते न टेकते तोच, "ताई, तुम्ही लहरींच्या वाटेत बसल्यात. जरा इकडे सरका." बहीण आधीच अंगाने जाड. ती पुन्हा कधी वर गेली नाही.

त्यांची दुसरी सवय अशी की निरोप दिला की तो परत म्हणवून घ्यायचा. रेल्वेच्या फोनवर तशी पद्धत असते म्हणे. एका स्टेशनाने गाडीबद्दल निरोप दिला की दुसऱ्याने तो शब्द न् शब्द उलट सांगायचा, नाहीतर तो पोचला असं धरत नाहीत. नानांनी ती घरी आणली. दूधवाल्याला म्हणायचे, "उद्या अर्धा लिटर जास्त. परत म्हणा." दूधवाला म्हणायचा, "उद्या अर्धा लिटर जास्त, नाना. आणि परवा नेहमीसारखं, नाना. आणि नाना, तुमी बी म्हना, महिना संपना, पैसे बाकी." मला म्हणायचे, "गच्चीचं दार ओढून घ्या. परत म्हणा." मी म्हणायची, माझं काय जात होतं.

वहिनींचं जात होतं. त्या चाळीस वर्षं परत म्हणत आल्या होत्या. भाजीत मीठ कमी टाक, परत म्हण. साडेसहाची गाडी आहे, परत म्हण. एकदा वांगी भाजताना, भरीत करायचं होतं, त्या मला म्हणाल्या, "बाई, ह्या माणसाशी मी कधी स्वतःचं बोलनीच नाही. त्यांचंच त्यांना परत करत ऱ्हायनी." हसत म्हणाल्या होत्या. वांग्याची साल सोलत होत्या आणि बोटं भाजत होती म्हणून मधेमधे हात झटकत होत्या. मला ते हसणं नंतर फार आठवलं.

कारण गेल्या वर्षी संक्रांतीच्या आठवड्यात वहिनींना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजायचं सगळं. डोळे तसेच होते, सगळं टिपणारे. पण तोंडातून एक घोगरा आवाज निघायचा, त्याचा शब्द व्हायचा नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, शब्द परत येऊ शकतात, पण पहिले सहा-आठ महिने महत्त्वाचे, त्यात जेवढं होईल तेवढं. पुण्याच्या एक बाई लॅपटॉपवरून वाचेचे व्यायाम घ्यायला तयार झाल्या. आठवड्यातून तीन दिवस, दुपारी चार ते चार चाळीस. त्यांच्याकडे तीच वेळ मोकळी होती. मार्चपासून सुरू झालं. तेव्हापासून नानांना जगात दुसरं काम उरलं नाही. पावणेचारला ते जिन्यात उभे राहून पितळी घंटा वाजवायचे आणि ओरडायचे, "ब्लॉक! चार ते चार चाळीस. सगळ्यांनी फोन बंद." रुळाचं काम असलं की गाड्या थांबवतात त्याला ब्लॉक म्हणतात. मी तुमच्याशी त्या वेळात कधी बोलले नाही, ते त्यामुळे.

पण स्वतः नाना त्या खोलीत नसायचे. पहिल्याच दिवशी पुण्याच्या बाई म्हणाल्या, "काकू, माझ्या मागून म्हणा, पा… णी. परत म्हणा." वहिनींनी नानांकडे पाहिलं आणि तोंड घट्ट मिटलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी डाव्या हाताने नानांना दार दाखवलं. माझ्याकडे बोट केलं आणि पलंगाशेजारच्या खुर्चीकडे केलं. नाना उभे राहिले. मला म्हणाले, "बाई, तुम्ही बसाल?" मी बसले. त्या दिवसापासून चार वाजता खोलीत वहिनी आणि मी असू, आणि नाना जिन्याच्या वरच्या पायरीवर, आतल्या दाराकडे पाठ करून.

आता त्या खोलीबद्दल सांगायला हवं. ती घराच्या मागच्या बाजूला, पश्चिमेची. भिंती दीड फुटाच्या, जुन्या विटांच्या. खिडकी उघडली की दुपारची झळ आत येते म्हणून ती एप्रिलपासून बंदच. जळगावचा उन्हाळा तुम्ही पाहिलेला नाही. तुमच्याकडे बर्फात जशी नाकाची टोकं दुखतात तशी इथे डोळ्यांची बुबुळं दुखतात. दुपारी नळ सोडला की पहिले दोन तांबे पाणी हाताला सोसत नाही. अशा खोलीत वहिनी दिवसभर एका कुशीवर. नानांनी त्यांच्यासाठी कूलर बनवला. बाजारचा नाही. जाड पत्रा आणून स्वतः कापला, रिव्हेट मारले, तीन बाजूंना गवताच्या ताट्या, खाली एवढी मोठी टाकी की सकाळी भरली की दुपारपर्यंत पुरावी. खाली चाकं. तो त्यांनी हॉलमधून खोलीत जायच्या दारात ठेवला, कारण हॉलला उत्तरेची मोठी खिडकी, तिथली हवा त्यातल्या त्यात बरी. दार जवळजवळ भरून जायचं. मी अंग चोरून आत जायची. राउटर हॉलमध्ये होता.

तुमच्या लक्षात आलं असेल. आमच्या आलं नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून पुण्याच्या बाईंचं चित्र अडकायला लागलं. त्यांचे ओठ उघडे राहायचे आणि शब्द नंतर यायचा. वहिनी प्रयत्न करायच्या, मानेच्या शिरा ताठ व्हायच्या, 'पा' असं काहीतरी निघायचं. पलीकडून दोन क्षणांनी आवाज यायचा, "काकू? काही म्हणालात का? मला ऐकू आलं नाही. परत म्हणा." त्या परत म्हणायच्या. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्या म्हणायच्या नाहीत. एकदा म्हटलेलं, दोनदा म्हटलेलं, वाटेत कुठेतरी पडून गेलेलं. पुण्याच्या बाईंनी त्यांच्या कागदावर काय लिहिलं असेल ते आता कळतं: प्रतिसाद नाही.

नानांनी काय केलं? मोजलं. रोज सकाळी सहाला ते उठून कूलर हॉलमध्ये ओढायचे, टाकी पुसायचे, पाणी भरायचे. तेवढ्यात वहिनींच्या पलंगाजवळ लॅपटॉप उघडून आकडा बघायचे आणि नोंदवहीत लिहायचे. तीनशेनव्वद. तीनशेनव्वद. तीनशेनव्वद. मग कूलर पुन्हा दारात ढकलायचे. सेवेत असताना सकाळी सहाला लाइन तपासायची पद्धत होती, तीच वेळ. घरातला रस्ता उत्तम आहे, हे त्यांच्याकडे लिहिलेलं होतं. म्हणजे दोष बाहेरचा. कंपनीच्या माणसाला त्यांनी चारदा बोलावलं. तो बिचारा राउटरपाशी उभा राहून मोबाइलवर मोजायचा. "काका, स्पीड फुल आहे."

"कोणता रस्ता?"

"काका, फुल म्हणजे फुल आहे."

"सकाळी माझा पण फुल असतो. चार वाजता ये."

"काका, चार वाजता तर तुम्ही कुणालाच आत सोडत नाही."

ते खरं होतं. चार वाजता ब्लॉक होता. चार वाजता आकडा बघू शकेल असं खोलीत एकच माणूस होतं, आणि ते मी होते.

मी बघितला. एकदाच. एप्रिलची एकवीस तारीख, पुण्याच्या बाई अडकल्या होत्या, वहिनींनी डोळे मिटले होते. नानांनी शिकवलं होतं तसं मी आत जाऊन पाहिलं. तेरा. मी माझ्या वहीत लिहिलं: '२१ एप्रिल, ४.१७, तेरा.' मला वाटलं, बाहेरचा रस्ता खराब असला की आतलाही आकडा पडत असेल. असं होत नाही, हे त्याच वहीत सात पानं आधी माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. बाहेर आले तेव्हा नाना फोनवर कंपनीशी भांडत होते. म्हटलं, आज नको. उद्या सांगू. उद्या ते दमलेले दिसले. मग ते राहून गेलं. आणखी एक सांगते, कारण सांगायला बसले आहे. माझ्याकडे खाली कूलर नाही. आठवड्यातली ती तीन दुपारं मी त्या गार वाऱ्यात बसायची. मला तिथून उठावंसं वाटायचं नाही.

वहिनींना कळलं होतं. हे मला सगळ्यात जड जातं. दुपारी नाना टाकी पुन्हा भरायला कूलर बाहेर ओढायचे, तेव्हा त्यांच्यासमोर स्टुलावर लॅपटॉपवर कीर्तन चालू असायचं. कूलर बाहेर गेला की कीर्तनकार नीट बोलायचा, आत आला की बोबडा व्हायचा. त्या दिवसभर तेच तर बघत होत्या. मे महिन्यात त्या डावा हात उचलून दाराकडे करायच्या आणि तळव्याने हवा ढकलायच्या, जा, जा, अशी. मला वाटलं, वारा अंगावर येतो आहे. मी कूलरच्या पट्ट्या वर फिरवल्या. त्यांनी पुन्हा ढकललं. नानांना वाटलं, उकडतं आहे. त्यांनी पंखा मोठा केला आणि आणखी दोन बादल्या पाणी ओतलं. वहिनींनी हात खाली ठेवला आणि आमच्याकडे बघत राहिल्या. मी एक एम.ए. झालेली बाई आणि ते तारांचे जाणकार.

मेच्या शेवटी पुण्याच्या बाई नानांशी फोनवर बोलल्या. वाईट बोलल्या नाहीत. म्हणाल्या, तीन महिन्यांत काहीच दिसत नाही, काकूंना त्रास मात्र होतो आहे, आपण थांबू या. माझी ही वेळ दुसऱ्या पेशंटना देते. नानांनी सवयीने तो निरोप परत म्हटला. "प्रगती नाही. थांबायचं. वेळ दुसऱ्यांना." मग फोन ठेवला आणि घंटा काढून माळ्यावर टाकली.

जुलैत उकाडा उतरला तेव्हा त्यांनी कूलर रिकामा केला, वाळवला आणि जिन्यापाशी नेऊन उभा केला. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी चारच्या सुमाराला त्यांनी वरून हाक मारली. "बाई, वर या."

ते वहिनींच्या पलंगाजवळ उभे होते, लॅपटॉप उघडा. "आकडा वाचा."

मी वाचला. तीनशेनव्वद.

"किती वाजले?"

"चार वाजून पाच मिनिटं."

ते जिन्यापाशी गेले, कूलर ढकलत आणला, दारात लावला. बादलीने पाणी ओतलं, एक, दोन, सहा बादल्या. ताट्या भिजवल्या. "वाचा." सव्वीस होते. कूलर बाहेर ओढला. "वाचा." तीनशेनव्वद. पुन्हा आत. तेरा. पुन्हा बाहेर. त्यांनी चार वेळा केलं. वय बहात्तर, पाण्याने भरलेला कूलर. मी म्हणत होते, नाना, पुरे, कळलं. पाचव्यांदा तो दारातच राहिला आणि ते त्याच्यावर हात टेकून उभे राहिले. पत्र्यावर. मी त्यांना कधीच काही न शोधता नुसतं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

मग ते वहिनींच्या समोर आले. खाली बसले, म्हणजे जमिनीवर. म्हणाले, "मन्ही चूक शे वं. बठ्ठी मन्हीच चूक शे." सगळी चूक माझीच आहे, असं.

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. डावा हात उचलला, आणि दाराकडे हवा ढकलली. जा, जा.

नाना बघत राहिले. त्यांना तेव्हा कळलं. त्यांच्या मागे उभी असूनही मला दिसलं की त्यांची मान कशी एकदम खाली गेली. "तू सांगी राह्यनी व्हती," ते म्हणाले. मग त्यांनी स्वतःचा डावा हात उचलला, तसाच, तेवढाच, आणि तळव्याने हवा ढकलली, दाराकडे. दोनदा. निरोप परत म्हणून दाखवला.

वहिनींनी तोंड भिंतीकडे फिरवलं. दोन दिवस त्या त्यांच्या हातून जेवल्या नाहीत. मी भरवलं. तिसऱ्या दिवशी चहाचा कप नानांच्या हातून घेतला, पण त्यांच्याकडे बघितलं नाही.

त्या आठवड्यात नानांनी तार ओढली. ज्याला लहरींची वाट ओळखता येत नाही तो तार ओढतो, असं म्हणणाऱ्या माणसाने राउटरपासून वहिनींच्या पलंगापर्यंत पांढरी तार टाकली, चौकटीला भोक पाडून, दर वीतभर अंतरावर खिळे मारून. मी विचारलं, "आता आकडा किती?" ते म्हणाले, "आता बघायची गरज नाही."

त्यानंतर थाळी पुन्हा कधी निघाली नाही. तुम्ही दिवाळीत विचारलंत, आजोबा मागून का जात नाहीत. तेव्हा ते चोपड्याला गेले नव्हते, वरच होते. पाहुण्यांना सरका म्हणायचं थांबलं. दूधवाला निरोप ऐकून सवयीने उभा राहायचा, आणि नाना म्हणायचे, "जा. पोचला." दूधवाल्याने मला जिन्यात विचारलं, "बाई, नानांची तब्येत बरी शे ना?"

पुण्याच्या बाईंना त्यांनी सगळं कळवलं. वेळ लगेच मिळाली नाही. दिवाळीनंतर मिळाली, पुन्हा चारचीच. डॉक्टरांनी सांगितलेले सहा-आठ महिने तोपर्यंत उलटून गेले होते. बाई म्हणाल्या, प्रयत्न करू, पण फार धरून चालू नका. वहिनींनी नोव्हेंबरच्या शेवटी पहिला शब्द म्हटला, 'पाणी', आणि तो पुण्याला पोचला. बाई पलीकडे टाळ्या वाजवायला लागल्या. मी बाहेर आले. नाना पायरीवर पाठ करून बसले होते. मी सांगितलं. ते म्हणाले, "ऐकलं." आणि मग, "लॅपटॉप आणि राउटर एकावरसुद्धा बोलतात, बाई. सगळ्यात खालचा आकडा एक. एक म्हणजे जोडलेलं."

जानेवारीत त्यांना धाप लागायची. फेब्रुवारीत एका दुपारी ते त्या पायरीवरच गेले, चारच्या ब्लॉकमध्ये. आत आम्ही 'चहा' शब्द करत होतो. मी बाहेर आले तेव्हा त्यांची पाठ नेहमीसारखीच होती, भिंतीला टेकलेली, म्हणून मी आधी बोलले, आणि उत्तर आलं नाही.

माझी ती वही मी त्यांना दाखवली नाही. जुलैपासून फेब्रुवारीपर्यंत रोज दाखवता आली असती. 'तेरा' बघून ते मला रागावले असते असं नाही. ते म्हणाले असते, बाई, तुम्ही लिहिलं होतं? एवढंच. मला तेवढं ऐकायचं नव्हतं.

त्यांची नोंदवही वहिनींच्या भाचीने मला आणून दिली. ती आता वर राहायला आली आहे. मार्च ते जून रोज सकाळी सहाचा आकडा, एकही दिवस चुकलेला नाही. जुलैच्या पानावर आकडा नाही. तिथे त्यांच्या उभ्या, बारीक अक्षरात लिहिलं आहे: 'सकाळी मोजलं. चार वाजता मोजलं नाही.' त्याखाली पान कोरं आहे. मी माझी वही तिच्याशेजारी ठेवली आहे, एकाच फडताळात.

या उन्हाळ्यात दारात काही ठेवलं नाही. भाचीने वहिनींचा पलंग हॉलमध्ये उत्तरेच्या खिडकीखाली आणला आणि तार तिथपर्यंत लांबवली. पत्र्याचा कूलर जिन्यापाशी उभा आहे. तो कुणाला देऊ का म्हणून भाचीने विचारलं, तेव्हा वहिनींनी डावा हात आडवा हलवला. नको.

पुण्याच्या बाई अजून आठवड्यातून दोनदा लॅपटॉपवर येतात. चार वाजता मी वर जाते. माळ्यावरून काढलेली घंटा आता मी वाजवते, हळू. तार भिंतीवर आहे, एकही खिळा निघालेला नाही. वहिनींना आज नऊ शब्द येतात.

तुमची,
आजी